रोग रेड्याला, औषध पखालीला
बिनतारी स्पीकर मध्येच का तुटतो आणि त्याचं निदान कसं करायचं

हॉस्टेलवर कुठलीही वस्तू बिघडली की आपले उपाय ठरलेले असतात. आधी तिला दोन चापट्या मारायच्या, मग बंद करून चालू करायचं, आणि तेही नाही जमलं तर मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट! ब्लूटूथचा किंवा वाय-फायचा स्पीकर ऐन गाण्यात गप्प झाला की बहुतेक जण सरळ तिसऱ्या उपायावर उडी मारतात. कधी त्याने काम होतं. बरेचदा दोन दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं, आणि मग मेसमध्ये निकाल जाहीर होतो, "फालतू माल आहे यार, नवीन घे."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. पखाल म्हणजे पाणी वाहायची चामड्याची मोठी पिशवी. ती रेड्याच्या पाठीवर टाकत. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे हा अर्थ मला आजीकडून घ्यावा लागला.) आजारी आहे रेडा आणि औषध चोळतायत पिशवीला! स्पीकरच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. गाणं फोनमधून स्पीकरपर्यंत पोचायला चार गोष्टी शाबूत असाव्या लागतात: वीज, हवा, पत्ता आणि परवानगी. यातलं काय बिघडलंय हे न पाहता केलेला रिसेट म्हणजे गुन्ह्याच्या जागी पोलीस यायच्या आधी फरशी पुसून काढणं. पुरावाच जातो. म्हणून या लेखापुरती एकच अट, टाचणी खाली ठेवा.

विजेचं चटकन सांगून टाकते. आवाज मोठा केला आणि ढोलाचा ठोका आला की स्पीकर बंद पडतो, मग "कनेक्टेड" म्हणून पुन्हा सुरू होतो, असं होत असेल तर बिनतारी भागाचा काही संबंध नाही. ठोक्याला स्पीकर एकदम जास्त करंट ओढतो. बॅटरी म्हातारी असेल, किंवा २ अँपिअरच्या जागी फोनचा जुना १ अँपिअरचा चार्जर लावला असेल, तर व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि आतला प्रोसेसर नव्याने सुरू होतो. आपल्याला वाटतं ब्लूटूथ तुटलं. परीक्षा सोपी आहे: आवाज निम्मा करून तेच गाणं लावा. तुटायचं थांबलं तर अडॅप्टर बदला आणि बाकीचा लेख कुतूहल म्हणून वाचा.

हवा

आता हवा. हवा म्हणजे खरं तर रेडिओ लहरींची जागा. ब्लूटूथ आणि साधं वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात हा पट्टा, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, जानेवारी २००५ मध्ये सरकारने परवानामुक्त केला. ठरलेल्या शक्तीच्या आत राहून कुणीही वापरावा, विचारायला नको. त्यामुळे वस्तू स्वस्त झाल्या, घरोघरी पोचल्या, आणि जे फुकटच्या जागेचं होतं तेच झालं. गर्दी! एकूण रुंदी साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ, आणि त्यात तुमचा राऊटर, शेजारच्या दहा खोल्यांचे हॉटस्पॉट, माऊस, हेडफोन, घड्याळं, काही घरांत मायक्रोवेव्ह ओव्हन.

इथे सगळ्यात जास्त फसवतात त्या फोनवरच्या काड्या. "पाचही काड्या आहेत तरी तुटतंय" हे वाक्य मी या वर्षी निदान वीस वेळा ऐकलं असेल. काड्या सांगतात आवाज किती मोठा आहे. आजूबाजूला कल्ला किती आहे, ते सांगत नाहीत. रात्री अकराला आमच्या खडवली स्टेशनवर पलीकडच्या फलाटावरचं बोलणंसुद्धा ऐकू येतं. सकाळी कल्याणच्या पुलावर शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. आवाज तोच, फरक कल्ल्याचा. रेडिओतसुद्धा महत्त्वाचं असतं ते संदेश आणि गोंगाट यांचं गुणोत्तर.

कल्याणवरून आठवलं. खडवलीहून कल्याण चौथं स्टेशन, मध्ये टिटवाळा, आंबिवली आणि शहाड. त्या कल्याणजवळ १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या गटाने भारतातली अगदी सुरुवातीची एक रेडिओ दुर्बीण उभी केली होती, हे आमच्या लाईनवरच्या किती जणांना ठाऊक असेल? प्रत्येकी ६ फुटांच्या ३२ थाळ्या ऑस्ट्रेलियातून, सिडनीजवळच्या पॉट्स हिलहून भेट म्हणून आल्या होत्या. त्या ओळीत मांडून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य ऐकायचे. सूर्य प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही फेकतो, आणि बाकी सगळ्यांच्या दृष्टीने तो निव्वळ गोंगाट आहे. या लोकांना मात्र तोच गोंगाट हवा होता आणि आपली सगळी बडबड नको होती. गोंगाट नावाची वेगळी वस्तू नसते. तो दुसऱ्या कुणाचा तरी संदेश असतो. तुमच्या रूममेटचं गाणं हा तुमच्या स्पीकरचा गोंगाट, आणि तुमचं गाणं त्याच्या!

किती बारीक गोष्टीवर हा खेळ चालतो ते आकड्यात बघा. राऊटर साधारण १०० मिलीवॅट फेकतो. तीन खोल्या ओलांडून स्पीकरपाशी उणे ७० डीबीएम पोचले तर ती शक्ती झाली ०.१ नॅनोवॅट. म्हणजे निघालेल्याच्या शंभर कोटीव्वा भाग. तेवढ्यावरही गाणं नीट वाजतं, कमाल आहे. पण मध्ये आणखी एक लोखंडी कपाट आलं की उणे ८०, आणि मग अडखळणं सुरू. म्हणून आधी बघायचं ते राऊटर ठेवलाय कुठे. आपल्या घरांत तो जिथे वायर आत येते तिथे, म्हणजे दारामागे मीटरजवळ, नाहीतर माळ्यावर पातेल्यांच्या मागे बसवलेला असतो. स्टीलची मांडणी, पत्रा, आरशाचा मागचा धातूचा लेप हे सगळं लहरी परतवून लावतं. पाणी त्या शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. फोन मागच्या खिशात आणि स्पीकर समोर असेल तर मध्ये तुम्ही स्वतःच भिंत होऊन उभे असता. पावसामुळे ब्लूटूथ तुटतं असं काही जण म्हणतात. दहा मीटरच्या अंतरात पावसाच्या थेंबांनी २.४ गिगाहर्ट्झला काही होत नाही. मात्र भिंत ओली झाली तर ती जास्त शोषते, आणि आमच्याकडच्या जुन्या विटांच्या भिंती जुलैत कशा होतात ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

माझा आवडता उपाय मात्र फुकटातला आहे. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. खोलीत लहर सरळही येते आणि भिंतीवरून, कपाटावरून उसळूनही येते. या दोन वाटांनी आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना जोर देतात, काही ठिकाणी मारून टाकतात. जोराची जागा आणि मेलेली जागा यांत फार अंतर नसतं, सहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणून स्पीकर टेबलाच्या एका कोपऱ्यात हटकून अडखळत असेल तर तो फक्त चार बोटं सरकवून बघा. खोली बदलायची गरज नाही. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण व्यतिकरण लिहून टाकलं, पण ते आपल्याच टेबलावर चालू असतं.

गर्दीचा बंदोबस्त ब्लूटूथ आणि वाय-फाय वेगवेगळ्या तऱ्हेने करतात. ब्लूटूथने पट्ट्याचे १ मेगाहर्ट्झचे ७९ तुकडे केले आहेत आणि गाणं वाजवताना ते सेकंदाला जास्तीत जास्त १६०० वेळा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं. एका तुकड्यात कुणी बसलेलं असलं तरी पुढच्या क्षणी आपण दुसरीकडे! (वारंवारता अशी सतत बदलत राहण्याचं एक पेटंट १९४२ साली हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी घेतलं होतं, पाणतीर शत्रूला भरकटवता येऊ नये म्हणून. त्यात ८८ वारंवारता होत्या, पियानोला जेवढ्या पट्ट्या तेवढ्या.) २००३ च्या ब्लूटूथ १.२ पासून जिथे कायम गर्दी असते ते तुकडे टाळायची अक्कलही त्याला आली.

वाय-फाय असं उड्या मारत नाही. ते ठाण मांडून बसतं आणि त्याला किमान २० मेगाहर्ट्झ लागतात. राऊटरमध्ये १ ते १३ चॅनेल दिसतात, पण ते केवळ ५-५ मेगाहर्ट्झवर आहेत, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे तीनच धरायचे: १, ६ आणि ११. आपल्या विंगमध्ये कुणीतरी हुशारीने ३ नंबर लावून ठेवलेला असतो, "तिथे कुणीच नव्हतं" म्हणून. अहो, तिथे कुणी नसतं कारण तिथे बसलं की १ वाल्यांनाही त्रास आणि ६ वाल्यांनाही. एकाच चॅनेलवरचे दोन राऊटर निदान एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळी लावून बोलतात. अर्धवट चढलेले दोन नुसते एकमेकांचा कल्ला होतात. तेव्हा १, ६, ११ पैकी जो कमी भरलेला असेल तो घ्यावा, आणि २.४ वर रुंदी ४० लावली असेल तर ती २० करावी. राऊटर आणि स्पीकर दोघांनाही ५ गिगाहर्ट्झ जमत असेल आणि दोघे एकाच खोलीत असतील तर सरळ तिकडे जावं. २०१८ पासून तो पट्टाही आपल्याकडे बराच मोकळा झाला आहे. फक्त भिंतीपुढे तो २.४ पेक्षा लवकर हात टेकतो.

दोन चोर वेगळे सांगायला हवेत. एक मायक्रोवेव्ह ओव्हन. तो २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, दारातून अगदी किंचित गळती होते, पण आत कित्येकशे वॅट असताना किंचितसुद्धा आपल्या नॅनोवॅटपुढे डोंगर. गंमत म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये तो विजेच्या ५० हर्ट्झच्या चक्रात अर्धा वेळच बोलतो, दर २० मिलिसेकंदांत सुमारे १० बडबड आणि १० शांतता. त्यामुळे नेट पूर्ण बंद पडत नाही, गाणं मात्र कुरकुरतं. स्टाफ क्वार्टर्समध्ये जेवणाच्याच वेळी स्पीकर अडखळत असेल तर संशय तिकडे घ्यावा. दुसरा चोर कुणाच्या लक्षात येत नाही: यूएसबी ३ ची हार्डडिस्क. तिच्या वायरीतून आणि जोडणीतून नेमका २.४ च्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. लॅपटॉपला डिस्क लावून पिक्चर कॉपी करायला घेतला की ब्लूटूथ तुटतं, ते यामुळे. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा.

आणि कृपया, स्पीकर तुटतो म्हणून नेटचा मोठा प्लॅन घेऊ नका. चांगल्या दर्जाचं गाणं सेकंदाला एक तृतीयांश मेगाबिटच्या आसपास खातं. १०० चा प्लॅन २०० केल्याने स्पीकरला काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो घरच्यांच्या खिशाला.

पत्ता

हवा स्वच्छ असूनही वाय-फाय स्पीकर सापडत नाही, तेव्हा खोट पत्त्यात असते. हे समजायला खडवलीतल्या माझ्या शेजारच्या आजोबांची केस सांगते.

आजोबांची नजर काचबिंदूने गेली आहे. सकाळी बातम्या, दुपारी कथांचं वाचन, संध्याकाळी हरिपाठ, असा त्यांचा दिवस कानावर चालतो. नाशिकच्या मुलाने त्यांना दोन वाय-फाय स्पीकर बसवून दिले, एक ओटीवर, एक पलंगाशी, आणि ते वाजवायला एक जुना फोन. पावसाळ्यात वीज जायची, यायची, आणि स्पीकर मुके व्हायचे. नेहमी नाही. कधी आपोआप सुरू, कधी दोन-दोन दिवस बंद. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, आतला बोर्ड गेलाय, नवीन जोडी घ्या. मुलगा पैसे पाठवायला तयारच होता. आजोबांचा समज वेगळा होता. त्यांना वाटायचं, आपल्याला दिसत नाही, आपणच काहीतरी भलतं बटण दाबून ठेवतो. म्हणून त्यांनी सेटला हात लावणंच सोडलं होतं आणि दुपारभर नुसते बसून असायचे.

आता निदान. बोर्ड गेला असता तर तो रोज गेलेला असता. इथे दोन धागे होते. बिघाड फक्त वीज आल्यावर होतो, आणि दर वेळी होत नाही. म्हणजे कुणाची तरी शर्यत लागते आणि कधी हा जिंकतो, कधी तो. घरात बघितलं तर दोन डबे. एक फायबरवाल्यांचा, दुसरा मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून मुलाने घेतलेला राऊटर. दोघांना नाव एक, पासवर्ड एक.

राऊटर म्हणजे आपल्या हॉस्टेलचे रेक्टर समजा. येणाऱ्या प्रत्येक वस्तूला ते खोली नंबर देतात, त्यालाच आयपी पत्ता म्हणायचं. या घरात दोन रेक्टर होते. पहिले देत १९२.१६८.१ ने सुरू होणारे नंबर, दुसरे १९२.१६८.० ने. एकाच नावाची पाटी लावलेल्या या दोन वेगळ्या इमारती! वीज आली की जो डबा आधी जागा होईल त्याच्याकडे स्पीकर जाऊन राहत. फोन मात्र बॅटरीवर जागाच, तो दुसऱ्या इमारतीत. फोन स्पीकर शोधतो तेव्हा तो नंबर पाठ करून जात नाही, मोठ्याने हाक मारतो, "इथे कुणी स्पीकर आहे का?" (ही हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते. पॅकेट पकडायचं सॉफ्टवेअर असेल तर स्वतः बघा, मजा येते.) ही हाक इमारतीच्या आत घुमते, पण राऊटर ओलांडून पलीकडे जात नाही. सगळे डबे योगायोगाने एका बाजूला आले तर स्पीकर वाजतात, नाही आले तर मुके. बोर्ड ठणठणीत होता.

पडताळणी दोन मिनिटांची आहे. फोनच्या सेटिंगमध्ये फोनचा पत्ता बघायचा, राऊटरच्या पानावर स्पीकरचा. साध्या घरगुती मांडणीत पहिले तीन आकडे जुळायला हवेत. आजोबांच्या घरी तिसरा जुळत नव्हता. उपाय असा केला: दुसऱ्या राऊटरला ॲक्सेस पॉईंट मोडमध्ये टाकलं, म्हणजे तो नुसता रेंज देतो, खोल्या वाटत नाही. रेक्टर उरले एक. मग दोन्ही स्पीकरच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे कारखान्यातून मिळालेल्या बारा आकडी-अक्षरी ओळखीवर, कायमचे खोली नंबर राखून ठेवले. आणि डब्यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, कारण डबा जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, स्पीकर अर्ध्या मिनिटात उठतो आणि कुणी सापडलं नाही तर रुसून बसतो. यूपीएस घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही वाचून घ्या.

आजोबांना सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे पोरी, मी काही बिघडवलं नव्हतं ना?" नव्हतंच. आता ते सेट स्वतः लावतात. आवाज जरा मोठा असतो, पण आमच्या आळीत कुणाची तक्रार नाही.

आपल्या सरांच्या क्वार्टर्समध्ये हाच दोन डब्यांचा प्रकार मी तीन घरांत पाहिला आहे. हॉस्टेलची गोष्ट मात्र निराळी. मोठ्या संस्थांच्या वाय-फायवर एका विद्यार्थ्याच्या यंत्राने दुसऱ्याच्या यंत्राशी थेट बोलू नये अशी सोय मुद्दाम केलेली असते. ती योग्यच आहे, नाहीतर कुणीही तुमच्या लॅपटॉपचं दार वाजवत बसेल. पण त्यामुळे फोनची हाक तुमच्याच टेबलावरच्या स्पीकरला ऐकू जात नाही. शिवाय लॉगिनचं पान येतं तिथे स्पीकर नाव-पासवर्ड टाकणार कसा, त्याला ना पडदा ना कीबोर्ड. यावर रिसेटचा काहीही उपयोग नाही. हॉस्टेलवर वाय-फाय स्पीकर घेऊच नये हे माझं स्पष्ट मत. ब्लूटूथचा घ्या. प्रत्येक खोलीत स्वतःचा राऊटर लावणं हा तर उपायच नव्हे, त्याने वरच्या सगळ्या गर्दीत भर.

नवीन स्पीकर पहिल्यांदा जोडतानाच अडत असेल तर आणखी एक शक्यता. बऱ्याच स्पीकरना फक्त २.४ कळतं, आणि तुमचा फोन त्याच नावाच्या ५ गिगाहर्ट्झवर बसलेला असतो. काही ॲप्सना ते चालत नाही. राऊटरमधलं ५ थोडा वेळ बंद करा. राऊटरचा पासवर्ड माहीत नसेल तर फोन आणि स्पीकर घेऊन दोन खोल्या लांब जा. ५ ची रेंज संपते आणि फोन निमूट २.४ वर येतो!

परवानगी

हे थोडक्यात. फोनच आजकाल ॲपला मध्ये अडवतो. आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, घरातल्या नेटवर्कवरच्या वस्तू शोधायला वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड १२ पासून, २०२१ पासून, जवळच्या उपकरणांची परवानगी आहे, त्याआधीच्या फोनवर चक्क लोकेशन चालू लागतं. पहिल्या दिवशी आपण घाईत "नको" दाबलेलं असतं आणि विसरलेलो असतो. व्हीपीएनही बंद करून बघा. आपल्या हॉस्टेलवर ते का चालू असतं ते मी विचारत नाही.

ब्लूटूथची परवानगी निराळी असते. पहिल्यांदा जोडी जुळते तेव्हा फोन आणि स्पीकर दोघेही एक गुप्त किल्ली आपापल्याजवळ जपून ठेवतात. त्यानंतर फक्त स्पीकर रिसेट केला तर त्याची किल्ली जाते, फोनकडे जुनीच राहते, आणि मग दिसतो पण जोडला जात नाही असा प्रकार सुरू होतो. फोनमध्येही त्याला "विसरा" म्हणावं लागतं. विसरायचं तर दोघांनी. आणि स्पीकर चालू झाला की बहुधा शेवटच्या जोडीदाराला आधी शोधतो. तुमचा स्पीकर काल रात्री शेजारच्या रूमने नेला असेल तर आज तो भिंतीपलीकडच्या फोनशीच जाऊन जुळतो, आणि पहाटे अडीच वाजता तुमच्या उशाशी त्याचं गाणं लागतं. यात भुताटकी काही नाही.

तारेची गोष्ट

स्पीकर तुटत नाही, पण मॅचमध्ये चेंडू आधी सीमेपार जातो आणि ठोक्याचा आवाज मागून येतो, हा बिघाड नव्हे. ब्लूटूथ थोडं गाणं आधी साठवून मग वाजवतं, म्हणजे मध्ये एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवायला वेळ मिळतो. साध्या स्पीकरवर ही उधारी दीडशे-दोनशे मिलिसेकंदांची असते. साठा वाढवला तर तुटणं कमी, उशीर जास्त. दोन्ही एकदम मिळत नाही. एकाच खोलीत दोन वाय-फाय स्पीकर असतील तर त्यांची घड्याळंही जुळावी लागतात. आवाज एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे एक स्पीकर ३० मिलिसेकंद मागे पडला तर तो दहा मीटर लांब ठेवल्यासारखा वाटतो, देवळातल्या घुमण्यासारखा. अशा वेळी दोघांतला जो राऊटरपासून लांब आहे, त्याचीच हवा आधी तपासावी.

आणि जी वस्तू जागेवरून हलत नाही तिला सरळ तार लावावी. टीव्ही हलत नाही, दिवाणखान्यातला मोठा स्पीकर हलत नाही, राऊटर तर नाहीच. कल्याणच्या थाळ्या उभारणाऱ्या स्वरूप यांच्याच पुढाकाराने पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी झाली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. माणसाचा रेडिओ गोंगाट कमी म्हणून ती जागा निवडली होती. आकाशातली अतिक्षीण लहर हवेतून पकडणाऱ्या या अँटेना नियंत्रण कक्षाला मात्र ऑप्टिकल फायबरने, म्हणजे तारेनेच, जोडल्या आहेत. तुमच्या स्पीकरला मागे लॅनचं किंवा ऑक्सचं भोक असेल तर ते शोभेचं नाही. त्यात तार घातली की एक वस्तू हवेतून कमी होते, आणि उरलेल्यांना तेवढी जागा मिळते.

एवढं करूनही ज्यांचा स्पीकर बोलत नाही त्यांनी रविवारी दुपारी चारनंतर ईएनटीसीच्या लॅबच्या पायऱ्यांवर यावं, मी आणि आमच्या वर्गातले दोघे तिथे असतो. येताना तीन गोष्टी आणाव्यात: स्पीकर, त्याचा मूळ अडॅप्टर, आणि तो कधी-कधी तुटतो याच्या वेळा लिहिलेला कागद. रिसेट करून येऊ नये.